कटिंगच्या टेबलाला धरून

खानदेशातल्या अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंचं हे प्रकरण. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. नाव आणि गाव मात्र देत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मोबाइलवरचे व्यायाम बघून पाय ओढून घेतलेल्या बायका-मुली माझ्याकडे वरचेवर येतात. घरचे त्यांना एकच सांगतात, "सोड ते खूळ." या ताईंना मीही जवळजवळ तेच सांगणार होते. तसं सांगितलं नाही, याचं आज समाधान आहे.

कशा आल्या

ताई ४४ वर्षांच्या. घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज, परकर, ड्रेस शिवतात. लग्नसराईत दहा-दहा तास मशीनवर बसणं होतं. आधी पायमशीन होती, चारेक वर्षांपूर्वी तिला मोटर लावली. पायमशीन होती तोवर घोटा दिवसभर थोडा का होईना हलत होता. मोटर लागली आणि तेही थांबलं. सकाळी उठलं की पोटऱ्या दगडासारख्या. उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला अंगणात उकिडवं बसायचं तर टाचा टेकेनात. "मॅडम, सासूबाई सत्तरीच्या, त्या बसतात. मी स्टूल मागते," हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

त्यांची मुलगी पंधरा वर्षांची. तिला बॅलेचे व्हिडिओ बघायचा नाद, आणि नाद चांगला होता. ती नुसती बघत नव्हती, करून बघत होती. फेब्रुवारीत मायलेकींनी मिळून 'तीस दिवसांत स्प्लिट' असा एक क्रम धरला. वेळ रात्री साडेदहा-अकराची, सगळं आवरल्यावर, थंड फरशीवर चटई टाकून. अंग गरम करणं नाही. एक पाय पुढे, एक मागे, आणि खाली जाता येत नाही म्हणून वरखाली हिसके. मुलगी आठ दिवसांत जवळजवळ टेकली. नवव्या रात्री ताईंच्या उजव्या पायात, नितंबाच्या अगदी खाली, टचकन काहीतरी झालं.

पुढचे तीन आठवडे शेक आणि मलम. मग एका मालिश करणाऱ्यानं 'नस चढली' म्हणून तोच पाय धरून छातीकडे दोनदा ओढला. त्या रात्री त्यांना कूस बदलता आली नाही. माझ्याकडे आल्या त्या होळीच्या आधी, आणि खुर्चीत बसल्या त्या एकाच कुल्ल्यावर, डावीकडे कलून.

तपासणी

कुठे दुखतं विचारलं तर त्यांनी एकच बोट ठेवलं, ते थेट बैठकीच्या हाडावर. हे महत्त्वाचं. मांडीच्या मागचे तीन हॅमस्ट्रिंग स्नायू वर याच हाडाला चिकटतात. मधल्या मांसात दुखलं तर माणूस हाताचा पंजा फिरवून दाखवतो, जोडावर दुखलं तर बोट ठेवतो.

काळंनिळं पडलं नव्हतं, चालता येत होतं, गुडघा वाकवून टाच मागे दाबायला लावली तर दुखलं पण जोर टिकला. म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, पूर्ण तुटल्याची लक्षणं नव्हती. पाय सरळ उचलून पंजा स्वतःकडे ओढला, तेव्हा झिणझिण्या आल्या नाहीत, त्यामुळे सायटिकेची शंका मागे पडली. उजवा पाय सरळ उचलला तर ४८ अंशांवर त्या थांबवायच्या, डावा ७० पर्यंत जायचा. भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते मोजायचं, ही घोट्याची चाचणी. त्यात उजवीकडे अडीच इंच भरले. इंच अशासाठी, की मी पट्टी शोधेपर्यंत त्यांनी गळ्यातला टेप काढून मोजलंही होतं.

आणखी एक गोष्ट दिसली. पालथं झोपवून मांडी मागे उचलायला सांगितली तर ती उचलली जाईना, कंबरच वाकायची. दहा तास बसून मांडीच्या पुढचे, जांघेतले स्नायू आखडले होते. पाठीचा वरचा भाग मशीनवर वाकून गोल झाला होता. म्हणजे त्या ज्याला 'अंग आखडलं' म्हणत होत्या, ते मुख्यतः घोटा, जांघ आणि पाठ या तीन ठिकाणी होतं. आणि दोघी मिळून ओढत होत्या ते चौथंच, मांडीच्या मागचं.

माझी चूक

हे सगळं दिसत असूनही मी पहिल्या दोन आठवड्यांत चुकले. उताणं झोपायचं, टॉवेल तळव्याला अडकवायचा, पाय हळूहळू वर ओढून तीस सेकंद धरायचा, असा साधा हॅमस्ट्रिंगचा ताण मी त्यांना दिला. आखडलेल्या स्नायूला ताण द्यायचा, हा हिशोब हाताला इतका सवयीचा झालेला असतो की तो करण्याआधी थांबायचं राहून जातं.

ताईंनी इमानेइतबारे केलं आणि दुखणं वाढलं. सडा-रांगोळीला वाकणं कठीण झालं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगितलं ते केलं की दुसऱ्या दिवशी बसवत नाही. पण केलं नाही तर बरी होणार कशी?" त्यांचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून दोन आठवडे त्यांनी ते सोसलं. मला ते आजही टोचतं.

चूक कुठे होती? मांडी पोटाकडे जाते तेव्हा हॅमस्ट्रिंगचा टेंडन बैठकीच्या हाडावर ताणला जातो आणि त्याच वेळी हाडावर दाबलाही जातो. दुखावलेल्या टेंडनला हा दाबच सोसत नाही. बसणं म्हणजे दाब, वाकून झाडणं म्हणजे दाब, टॉवेलनं पाय ओढणं म्हणजे दाब, आणि मालिशवाल्यानं छातीकडे ओढलं तोही दाबच. महिनाभर त्यांना सगळ्यांनी मिळून एकच इजा परत परत केली होती, आणि त्यात मीही होते.

मी टॉवेल बंद केला. उताणं झोपून गुडघे वाकवून टाचा जमिनीत दाबून धरायच्या, ४५ सेकंद, पाच वेळा. मग कंबर उचलून पुलासारखं धरणं. ताण नाही, नुसता जोर. लांब दांड्याचा झाडू आणायला लावला. बसायला टणक उशी दिली, पण ती नितंबाखाली नाही, तर मांडीखाली वजन येईल आणि कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर राहतील अशी. दहा दिवसांत रात्रीची झोप सुधारली.

"म्हणजे बॅले नाहीच?"

हे मुलीनं विचारलं. ती आईबरोबर आली होती, आणि आपल्यामुळे आईला लागलं असं तिनं मनात धरलं होतं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं होतं. तिनं मोबाइल पुढे केला. त्यात स्प्लिट नव्हता, एका बॅले शाळेचा पूर्ण वर्ग होता, सुरुवातीपासून. "मॅडम, या मुली तर आधी अर्धा-पाऊण तास खाली बसतही नाहीत. नुसत्या दांडीला धरून उभ्याच असतात."

तो वर्ग मी त्या रात्री पूर्ण पाहिला, मग आणखी काही पाहिले. पोरीचं म्हणणं खरं होतं. बॅलेचा वर्ग भिंतीला लावलेल्या, कंबरेच्या जरा वर येणाऱ्या दांडीपाशी सुरू होतो. तिला बार म्हणतात. आधी प्लिए, म्हणजे गुडघे हळूहळू वाकवून परत सरळ होणं. मग तांद्यू: पाय फरशीवरून घासत लांब न्यायचा, बोटांचं टोक टेकलेलं ठेवायचं, आणि तसाच घासत परत आणायचा. मग छोटे झटके, पायानं गोल काढणं, एका पायावर तोल, आणि बऱ्याच उशिरा पाय उंच उचलणं किंवा बारवर ठेवून ताणणं. क्रम ठरलेला. चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये नृत्याची राजअकादमी काढली, तिथून या कलेची शिस्त बसत गेली, म्हणून शब्द आजही सगळीकडे फ्रेंच. तांद्यू म्हणजे 'ताणलेलं'. आपला 'ताण' आणि त्यांचा 'तांद्यू' एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत, हे कळलं तेव्हा मला उगीचच फार आनंद झाला.

मोबाइलवर फिरतात त्या तुकड्यांत बारवरच्या या क्रमाची शेवटची पाच मिनिटं असतात. ताईंनी तीच उचलली होती.

फिजिओथेरपिस्ट म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली, आणि या प्रकरणाची खरी कलाटणी तीच. बारवरच्या पहिल्या सगळ्या हालचाली ताठ उभं राहून होतात. मांडी पोटाकडे फारशी जातच नाही. म्हणजे ज्या दाबानं ताईंचा टेंडन बिघडत होता, तो दाब इथे नाही. आणि ताईंची आखडलेली ठिकाणं पाहा: अर्धा प्लिए घोटा मोकळा करतो. पाय मागे घासत नेण्याचा तांद्यू जांघ उघडतो. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, ज्याला रलेव्हे म्हणतात, पोटरीला बळ देतं. हातांच्या सावकाश फेऱ्या, पोर द ब्रा, पाठ सरळ करतात. स्नायू लांब होत असताना कामही करत राहतो, लोंबकळत नाही. दुखावलेल्या टेंडनला बळ देण्याची जी चढण मला बांधायची होती, तिच्या पहिल्या दोन पायऱ्या त्या वर्गात आयत्या होत्या.

हे काही माझं एकटीचं डोकं नव्हे. जर्मनीत जन्मलेली नर्तकी लोटे बर्क हिनं पाठीच्या दुखापतीनंतर बॅलेचा बार आणि उपचाराचे व्यायाम यांची सांगड घातली आणि १९५९ मध्ये लंडनला बायकांसाठी वर्ग काढला. आज शहरांत 'बार' नावानं जे व्यायाम चालतात त्यांचं मूळ तिथे आहे.

बॉबीन संपली की

आमच्याकडे बार कुठून आणणार? ताईंनीच उत्तर काढलं. कटिंगचं टेबल छत्तीस इंच, भिंतीला टेकून पक्कं, हलत नाही. त्यांनी टेप लावून पाहिलं, बेंबीच्या जरा खाली आलं. चाललं असतं आणि चाललंच.

वेळेचा प्रश्न मोठा होता. एप्रिल-मे, लग्नाची कामं, ब्लाउजांचा ढीग. "अर्धा तास काढा" असं सांगणं म्हणजे न सांगण्यासारखंच. मग ठरलं, बॉबीन संपली की उभं राहायचं. बॉबीन भरून झाली की लगेच मशीनवर बसायचं नाही, आधी टेबलाला एक हात लावायचा. आठ अर्धे प्लिए, मागे आठ तांद्यू उजव्या पायानं, आठ डाव्या, आठ रलेव्हे. दोन-तीन मिनिटं. दिवसातून आठ-दहा वेळा बॉबीन संपायची. यामुळे दुसरंही काम झालं: सलग बसणं तुटलं, आणि मला वाटतं निम्मा गुण त्याचा आहे.

काही गोष्टींवर मी अडून बसले. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असतात. ते वळण खुब्यातून यावं लागतं. पंजे जोरानं फिरवले तर गुडघा पिळवटतो. ताईंना पहिले सहा आठवडे पंजे समांतर ठेवायला लावले, नंतर टाचा जुळवून अगदी लहान कोन. वाकताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. मागे पाय नेताना कंबर मोडायची नाही. त्यासाठी त्यांनी ब्लाउजचा एक दोरा कंबरेला बांधला आणि तो पुढून खाली सरकला की चुकलं असं समजायचं. ही युक्ती मी नंतर दुसऱ्यांनाही सांगितली.

दुखण्याचा नियम साधा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्यांदा वाकताना: कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर आज निम्मं करायचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. अंग तापलेलं असतं म्हणजे स्नायू तयार असतात असं नाही, उलट घामानं गोळे येतात. म्हणून मोठी फेरी सकाळी सहाला, आधी पाच मिनिटं गच्चीवर चालून.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या खापरावरचे मांडे घेऊन आल्या. मी तो मांडा हातावर कसा वाढवतात विचारलं, तर उठून दाखवलंच. पीठ आधी सोसेल इतकं मळलेलं असतं, मग दोन्ही हातांवर तो फिरत राहतो आणि स्वतःच्या वजनानं उतरतो. मनगटं हळू वर, कोपर हळू खाली, बोटं कुठेच रुतत नाहीत. "ओढला की फाटतो. नवी सून ओढते," त्या म्हणाल्या. मग थांबल्या आणि स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. मला काही बोलावं लागलं नाही.

घोट्याचं मोजमाप त्यांनी शिलाईच्या गुलाबी खडूनं ठेवलं. भिंतीपाशी फरशीवर अंगठ्याच्या टोकाला रेघ, शेजारी तारीख. दर रविवारी नवी रेघ. फरशी पुसताना तेवढा कोपरा सोडायचा, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं. पहिल्या तीन रेघा एकीवर एक होत्या आणि त्या निराश झाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते: सुरुवातीच्या आठवड्यांत पाय थोडा जास्त जायला लागतो तो स्नायू लांब झाला म्हणून नव्हे, बहुतेक वेळा शरीर तो ताण सोसायला तयार होतं म्हणून. ती तयारी भीतीनं येत नाही, हिसक्यानंही नाही. पाचव्या आठवड्यानंतर रेघा सुटायला लागल्या.

सासूबाईंना हे सगळं विचित्र वाटत होतं. "हाई काय शे?" म्हणून त्या दारात उभ्या राहायच्या. जूनमध्ये मुलीनं त्यांनाही टेबलाला धरून टाचा उचलायला लावल्या. सत्तरीत तोल राखायला रलेव्हेसारखं साधं काही नाही, तेव्हा मीही नाही म्हटलं नाही. फक्त दोन्ही हात टेबलावर.

मुलीचं काय

मुलीला मी वेगळं तपासलं, आणि ज्यांच्या घरी या वयाची मुलगी मोबाइल बघून स्प्लिट करते त्यांनी हे जरूर वाचावं. तिचा अंगठा मनगटाकडे वळून हाताला लागतो, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात. सांध्यांच्या ढिलेपणाच्या नऊ गुणांच्या चाचणीत तिला सहा मिळाले. ती आठ दिवसांत टेकली ती मेहनतीनं कमी, सांधे जात्याच सैल म्हणून जास्त. अशा मुलीला आणखी ताण नको, तिला बळ हवं.

दुसरं असं, की बैठकीच्या हाडाचा जिथे स्नायू चिकटतो तो भाग विशीच्या आसपास किंवा नंतर पक्का जुळतो. त्याआधी जोराचा हिसका बसला तर स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच निघू शकतो. आईला टेंडनवर भागलं. मुलीला त्याच हिसक्यानं ऑपरेशनच्या दारात जावं लागलं असतं. मी हे तिच्यासमोरच बोलले. ती रडली, मग तिनं विचारलं, "मग मी काय करू?" तिला आईचाच क्रम दिला, दुप्पट सावकाश, आणि एका पायावरचा तोल वाढवून. स्प्लिट सहा महिने बंद.

श्रावणात

जूनपासून ताईंना पुढे वाकण्याचं बळ परत द्यायला सुरुवात केली: खुब्यातून वाकून पाण्याची कळशी उचलणं, एका पायावर पूल. जुलैत पहिल्यांदा पाय पुढे उंचावर ठेवणं, पण टेबलावर नाही, फूटभर उंचीच्या स्टुलावर, पाठ ताठ, वीस सेकंद. हा तोच ताण होता जो मी मार्चमध्ये चुकीच्या वेळी दिला होता. आता तो सोसला.

त्यांना स्प्लिटचं काही पडलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. त्यांना कानबाईला, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या सणाला, फुगडी खेळायची होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी विसर्जनाला बायका फुगड्या खेळत जातात. आदल्या वर्षी त्या कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. फुगडीत चवड्यांवर वजन, गुडघे किंचित मोडलेले, अंग मागे सोडलेलं आणि पोटरी सतत जागी. प्लिए आणि रलेव्हेची तालीम त्यासाठी पुरेशी होती. फक्त वेगाची सवय नव्हती, म्हणून शेवटचे तीन आठवडे जागच्या जागी उड्या घातल्या, आधी वीस, मग चाळीस.

आधीच्या रविवारची रेघ: उजवा घोटा सव्वाचार इंच. पाय सरळ उचलणं ७४ अंश. बैठकीच्या हाडावर बोटानं दाबलं तर अजून जाणवत होतं, एखाद-दोन गुण. रोटांचं पीठ मळायला त्या खाली बसल्या, टाचा टेकून, मध्ये दोनदा उठून.

सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. चार फुगड्या खेळल्या होत्या, दोन सासूबाईंच्या बहिणीबरोबर. मी विचारलं, दुखतंय का. म्हणाल्या, "आत्ता काय सांगू, उद्या सकाळी झाडताना कळेल ना." दुसऱ्या दिवशी साडेसहाला मेसेज होता: दोन.

आता त्या महिन्यातून एकदा येतात. बॉबीनचा नियम चालू आहे, लग्नसराईत तर जास्तच. मुलीचे सहा महिने दिवाळीच्या आसपास संपले. तिला परत तपासलं, एका पायावर बारा रलेव्हे न डगमगता होतात, तेव्हा स्प्लिटला परवानगी दिली, पण वर्गाच्या शेवटी आणि उशी खाली घेऊन. ती म्हणाली, आधी आईची गुलाबी रेघ सहा इंचांवर नेते, मग बघू.